उसना श्वास : भात्यापासून प्राणवायूपर्यंत

माणूस दिवसाकाठी वीस हजारांहून अधिक वेळा श्वास घेतो आणि त्यांतील एकाचीही त्याला सहसा जाणीव नसते. अन्नावाचून तो काही आठवडे तग धरतो, पाण्यावाचून काही दिवस. श्वास थांबला की मात्र चार-पाच मिनिटांतच मेंदूला कायमची इजा होऊ लागते. आपल्या भाषेने ही गोष्ट केव्हाच ओळखली आहे. भीतीने आपले प्राण कंठाशी येतात, संकट टळले की आपण सुटकेचा नि:श्वास टाकतो, आणि माणूस गेला हे सांगताना 'त्याने शेवटचा श्वास घेतला' असेच म्हणतो.

ज्याचा श्वास मंदावला त्याला दुसऱ्याने आपला श्वास उसना द्यावा, ही कल्पना फार प्राचीन आहे. बायबलच्या जुन्या करारात, राजांच्या दुसऱ्या पुस्तकात, अलीशा संदेष्टा शुनेमकरिणीच्या मृतवत मुलाच्या मुखाला मुख लावतो, ही कथा वाचकांना ठाऊक असेलच. वैद्यकाचे इतिहासकारही या कथेचा आवर्जून उल्लेख करतात. या उसन्या श्वासाचा इतिहास आम्ही येथे थोडक्यात मांडू इच्छितो. त्याचा आरंभ युरोपातील इस्पितळांत आणि प्रयोगशाळांत झाला असला, तरी त्याची दोन महत्त्वाची पाने आपल्या मराठवाड्यातील धाराशिव जिल्ह्यात, म्हणजे २०२३ पर्यंत आपण ज्याला उस्मानाबाद म्हणत होतो त्या जिल्ह्यात, लिहिली गेली आहेत. यंत्रांचा हा इतिहास बारकाईने वाचला, तर तो मुळात यंत्र हाती धरणाऱ्या माणसांचा इतिहास आहे, असे आमच्या ध्यानात आले. तेच सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

लोहाराचा भाता

श्वास देण्याचे मार्ग दोनच. एक, बाहेरून दाब देऊन हवा फुप्फुसांत ढकलणे. दुसरा, छातीभोवतालचा दाब कमी करून तिला फुगू देणे, म्हणजे हवा आपोआप आत ओढली जाते. आपण नैसर्गिकपणे श्वास घेतो तो दुसऱ्या रीतीने. छाती व पोट यांमधील पडदा खाली सरकतो, फासळ्या वर उचलल्या जातात, आणि लोहाराचा भाता उघडावा तशी छाती उघडते.

सन १५४३ मध्ये आंद्रेआस व्हेसालियस या शरीरशास्त्रज्ञाने आपल्या सुप्रसिद्ध ग्रंथात एक प्रयोग नोंदवला. प्राण्याच्या श्वासनलिकेत बोरूची नळी बसवून तीतून फुंकले असता त्याची कोसळलेली फुप्फुसे पुन्हा फुगतात आणि हृदयाचे ठोके सावरतात, हे त्याने दाखवले. पुढे जवळजवळ दोन शतके या ज्ञानाचा माणसाला फारसा उपयोग झाला नाही. १७३२ मध्ये स्कॉटलंडमधील विल्यम टॉसाक या शल्यवैद्याने कोळशाच्या खाणीतून बाहेर काढलेल्या एका बेशुद्ध कामगाराच्या तोंडाला तोंड लावून त्याला श्वास दिला, आणि तो कामगार जगला. १७६७ मध्ये अ‍ॅमस्टरडॅम शहरात बुडालेल्यांना वाचवण्यासाठी एक संस्था निघाली. तेथे कालवे घरोघरी दारापुढून वाहत असल्याने माणसे बुडणे हे नित्याचेच होते. अशा संस्था मग अनेक शहरांत निघाल्या, आणि चुलीजवळचा भाता हे श्वास देण्याचे पहिले साधन ठरले.

भात्याचे हे दिवस फार टिकले नाहीत. १८२० च्या दशकाच्या अखेरीस फ्रान्समधील लरॉय देत्योल याने सिद्ध केले, की भाता जोराने दाबला तर फुप्फुसे फाटतात आणि प्राणी दगावतो. त्याबरोबर वैद्यांनी भाता बाजूला ठेवला. वस्तुत: दोष भात्याचा नव्हता, किती दाबावे हे न कळणाऱ्या हाताचा होता. आजच्या अत्याधुनिक श्वासयंत्रांनाही हीच चिंता सतावते. दाब अधिक झाला की फुप्फुसांना इजा होते, म्हणून प्रत्येक रुग्णासाठी तो मोजून-मापून ठरवावा लागतो.

लोखंडी पेटी

भाता मागे पडल्यावर संशोधकांचे लक्ष दुसऱ्या मार्गाकडे वळले. १९२८ च्या ऑक्टोबरात अमेरिकेतील बोस्टन शहरात, मुलांच्या इस्पितळात, पोलिओमुळे श्वास थांबत आलेल्या आठ वर्षांच्या एका मुलीला एका मोठ्या पत्र्याच्या पेटीत ठेवण्यात आले. डोके तेवढे बाहेर, बाकी सारे शरीर आत. पेटीतील हवा ओढून घेतली की छाती फुगे, हवा परत सोडली की छाती खाली बसे. फिलिप ड्रिंकर आणि लुई शॉ यांनी रचलेल्या या पेटीला पंप म्हणून धूळ झाडण्याच्या विजेच्या यंत्राचे पंखे जोडलेले होते. पेटी सुरू होताच काही मिनिटांत मुलगी शुद्धीवर आली. पुढे तिला न्यूमोनियाने गाठले व ती वाचली नाही. पण या पेटीने, म्हणजे 'लोखंडी फुप्फुसा'ने, नंतरच्या तीस वर्षांत असंख्य पोलिओग्रस्तांना जगवले.

पेटी अतिशय महाग होती. १९३१ मध्ये जॉन इमर्सन याने तिची स्वस्त आवृत्ती काढली. ऑस्ट्रेलियात एडवर्ड बोथ याने तर ती चक्क प्लायवूडची बनवली. ती पाहून मोटारींचे कारखानदार लॉर्ड नफील्ड यांनी १९३८ च्या अखेरीस जाहीर केले, की ब्रिटिश साम्राज्यातील जे इस्पितळ मागेल त्याला आपण ही पेटी विनामूल्य देऊ. मोटारींच्या कारखान्यात श्वासाच्या पेट्या तयार होऊ लागल्या. ही घटना वाचकांनी ध्यानात ठेवावी. कारण त्र्याऐंशी वर्षांनी धाराशिवच्या एका साखर कारखान्यात असाच प्रकार घडायचा होता.

कोपनहेगनचे विद्यार्थी

१९५२ च्या उन्हाळ्यात डेन्मार्कच्या राजधानीत, कोपनहेगनमध्ये, पोलिओची भीषण साथ आली. ब्लेगडॅम या साथरोगांच्या इस्पितळात दररोज रुग्णांची रीघ लागली. लोखंडी पेटी तेथे एकच होती, आणि छातीवर बसवण्याची सहा लहान साधने. पहिल्या तीन आठवड्यांत श्वास लुळा पडलेल्या एकतीस रुग्णांपैकी सत्तावीस दगावले. प्रमुख वैद्य लासेन यांनी तेव्हा ब्यर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाला पाचारण केले. रुग्ण विषाणूने नव्हे, तर शरीरात साचलेल्या कार्बन डायऑक्साइडने मरत आहेत, हे इब्सेनने ताडले. २७ ऑगस्ट रोजी त्याने बारा वर्षांच्या एका मुलीच्या घशाला छिद्र करवून श्वासनलिकेत नळी बसवली, आणि रबरी पिशवी हाताने दाबून तिला श्वास दिला. मुलगी जगली.

उपाय सापडला, पण पिशवी दाबणार कोण? एका वेळी सत्तरपर्यंत रुग्णांना अहोरात्र श्वास द्यावा लागत होता. अखेर वैद्यकीय शिक्षण घेणारे सुमारे पंधराशे विद्यार्थी पुढे आले. पाळ्या लावून, रुग्णाच्या उशाशी बसून, ते महिनोन्‌महिने पिशवी दाबत राहिले. हाताखालचे मूल डोळे उघडून पाहत असे, म्हणून ते त्याला गोष्टी वाचून दाखवीत. मृत्यूचे प्रमाण शेकडा सत्त्याऐंशीच्या आसपास होते, ते चाळिशीवर आणि पुढे त्याहूनही खाली आले. आजचे अतिदक्षता विभाग आणि व्हेंटिलेटर या दोहोंचा उगम या खोल्यांत आहे. व्हेंटिलेटर म्हणजे दुसरे काय? त्या विद्यार्थ्यांचे न थकणारे हात.

चार वर्षांनी, १९५६ मध्ये, त्याच डेन्मार्कमध्ये हेनिंग रूबेन आणि होल्गर हेसे यांनी दाबून सोडल्यावर आपोआप फुगणारी पिशवी बाजारात आणली. हिला ना वीज लागते, ना सिलिंडर. हीच आपल्या इस्पितळांतील 'अंबू बॅग'. एका हाताने मास्क तोंडावर घट्ट धरायचा, दुसऱ्याने पिशवी दाबायची. भाता पुन्हा परतला होता, पण आता त्याला मर्यादा शिकवलेली होती.

अणदूरच्या वाटेवर

ही पिशवी खेड्यात पोचायला आणखी चाळीस वर्षे लागली. तिची खरी गरज मात्र तेथेच होती. जन्मणाऱ्या दर दहा बालकांपैकी एखाद्याला पहिला श्वास घेण्यासाठी थोडीतरी मदत लागते. बहुतेकांना पुसून कोरडे करणे, पाठ चोळणे एवढेच पुरते. काहींना मात्र पिशवीने श्वास द्यावा लागतो, आणि तोही पहिल्या मिनिटात. पूर्वी बाळ रडले नाही की सुईणी त्याला उलटे धरून चापट मारीत, तोंडावर पाणी शिंपडीत, अनेक ठिकाणी वार गरम करीत. त्यांच्या मायेत उणेपणा नव्हता, साधन नव्हते.

गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने हे साधन गावात नेले. प्रथम त्यांनी न्यूमोनियाशी सामना दिला. दोन महिन्यांखालील बाळाचा श्वास मिनिटाला साठ किंवा त्याहून अधिक झाला, तर तो धोक्याचा इशारा. त्याहून मोठ्या तान्ह्या मुलाचा पन्नास. परंतु जिला साठपर्यंत मोजता येत नाही तिने काय करावे? बंग दांपत्याने मणी आणि वाळूचे घड्याळ यांची जोडणी केली. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपण्यापूर्वी शेवटचा मणी सरकला तर औषध सुरू करायचे. १९९५ पासून गावातील आरोग्यदूत स्त्रियांना नवजात बालकांची घरीच काळजी घेण्याचे शिक्षण मिळाले. जन्मत: गुदमरलेल्या बाळांना श्वास देण्यासाठी आधी नळी व मास्क, नंतर पिशवी व मास्क त्यांच्या हाती आले. एकोणचाळीस गावांतील या कामामुळे तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूंत बासष्ट टक्के घट झाली, हे डिसेंबर १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या विख्यात वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

गडचिरोलीत जे घडले ते अन्यत्र घडेल काय, हा साहजिक प्रश्न होता. त्याचे उत्तर शोधण्यासाठी २००१ ते २००५ या काळात महाराष्ट्रात 'अंकुर' नावाचा प्रकल्प सात संस्थांनी राबवला. त्यांतील एक संस्था धाराशिव जिल्ह्यातील होती : तुळजापूर तालुक्यात अणदूर येथील हॅलो मेडिकल फाउंडेशन. डॉ. शशिकांत अहंकारी आणि डॉ. क्रांती रायमाने या डॉक्टर दांपत्याने तेथे काम उभे केले होते. गावातील स्त्रीला शिकवून तिला 'भारतवैद्य' करायचे, अशी त्यांची रीत. या जिल्ह्याच्या माणसांनी ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट पाहिली होती. त्या भूकंपात उमरगा भागातील दगडमातीच्या भिंती आणि वरची जड माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली. मदतीचे ट्रक, पथके, यंत्रे सारे काही पुढे आले. पण पहिल्या तासांत ढिगारा उपसणारे हात शेजाऱ्यांचेच होते. जो हात जवळ आहे त्याला शिकवून ठेवावे, हा धडा बाळंतघरालाही तितकाच लागू पडतो.

पुढे काळ पालटला. २००५ च्या जननी सुरक्षा योजनेनंतर बाळंतपणे हळूहळू दवाखान्यांकडे वळली. २००९ पासून शासनाने परिचारिकांना नवजात बालकाला श्वास देण्याचे शिक्षण द्यायला आरंभ केला, आणि २०११ मध्ये घरी जाऊन नवजात बालकाची काळजी घेण्याचे काम देशभरातील आशाताईंच्या शिरी आले. अल्पशिक्षित स्त्रीवर टाकलेला तो विश्वास अशा रीतीने देशाचे धोरण झाला.

साखरेच्या कारखान्यात प्राणवायू

नवजात बाळाला साध्या हवेचा श्वासही बहुधा पुरतो. कोविडने ग्रासलेल्या फुप्फुसांना मात्र तो पुरत नव्हता. हवेत प्राणवायू एकवीस टक्के असतो. अशा रुग्णाला त्याहून कितीतरी अधिक द्यावा लागतो. १७७४ मध्ये जोसेफ प्रीस्टली या इंग्रज धर्मोपदेशकाने वेगळा काढलेला हा वायू पहिल्या महायुद्धात जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी मास्कमधून विषारी वायूने भाजलेल्या सैनिकांना दिला. तेव्हापासून तो औषध मानला जातो. रक्तातील त्याचे प्रमाण बोटाला चिमटा लावून मोजण्याच्या साधनामागील तत्त्व जपानचे ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये शोधले. कोविडने हेच साधन जगातील घराघरांत पोचवले, आणि नेमक्या त्याच दिवसांत, एप्रिल २०२० मध्ये, आओयागी निवर्तले. सप्टेंबर २०२० मध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' या मोहिमेत आशाताई आणि स्वयंसेवक ते घेऊन दारोदार फिरले. मण्यांच्या माळेची जागा आता त्याने घेतली होती. मोजणारी स्त्री बहुधा तीच होती.

एप्रिल २०२१ मध्ये दुसरी लाट आली. मोठा सिलिंडर सुमारे सात हजार लिटरचा. मिनिटाला दहा लिटर या गतीने तो बारा तासही पुरत नाही. आणि अतिवेगाने प्राणवायू देणाऱ्या साधनाला मिनिटाला साठ लिटरपर्यंत लागतो, म्हणजे दोन तासांतच तो रिकामा. १९ एप्रिलला कळंबोलीहून रिकामे टँकर आगगाडीवर चढवून विशाखापट्टणमला धाडावे लागले. २१ एप्रिलला नाशिकच्या झाकीर हुसेन रुग्णालयात टाकीला गळती लागून पुरवठा खंडित झाला आणि वीसहून अधिक रुग्ण गेले. जेथे मोठ्या उद्योगांचे जाळे नाही, अशा धाराशिवसारख्या जिल्ह्यासाठी तर सिलिंडरची वाट पाहणे म्हणजे श्वास रोखून बसणेच होते.

त्या वेळी शरद पवार यांनी साखर कारखान्यांना प्राणवायू निर्मितीचे आवाहन केले. कळंब तालुक्यातील चोराखळी येथील धाराशिव साखर कारखाना या कामाला लागला आणि मे २०२१ मध्ये तेथे प्राणवायू तयार होऊ लागला. देशातील साखर कारखान्यातला असा पहिला प्रकल्प म्हणून त्याची नोंद झाली. यामागील युक्ती समजून घेण्यासारखी आहे. इथेनॉलमधील उरलेसुरले पाणी काढण्यासाठी कारखान्यात उंच टाक्या असतात. त्यांत झिओलाइट नावाच्या खनिजाचे सूक्ष्म छिद्रांचे दाणे भरलेले असतात. ते पाण्याचे कण धरून ठेवतात आणि इथेनॉल पुढे जाऊ देतात. दाणे निराळ्या जातीचे भरले आणि दाबाखाली हवा सोडली, तर ते नायट्रोजन धरून ठेवतात व प्राणवायू पुढे जातो. दाब सोडला की नायट्रोजन निघून जातो आणि दाणे पुन्हा कामाला सिद्ध होतात. असा मिळालेला प्राणवायू नव्वद टक्क्यांहून अधिक शुद्ध असतो. घरी ठेवण्याचे ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर चालते तेही याच तत्त्वावर. मोटारींच्या कारखान्यात लोखंडी फुप्फुसे झाली, तसा उसाच्या कारखान्यात श्वास तयार झाला.

त्या दिवसांनी आणखी एक गोष्ट शिकवली. सगळेच उपाय यंत्राचे नव्हते. रुग्णाला पालथे झोपवले तर पाठीकडील दबलेली फुप्फुसे उघडतात. याला खर्च शून्य, पण व्हेंटिलेटरवरील एका रुग्णाला सांभाळून पालथे करायला चार-पाच जणांचे हात लागतात. बरे होणाऱ्याकडून तीन चेंडूंच्या खेळण्यासारख्या साधनातून दीर्घ श्वास घेववणे, छातीवर पोकळ हाताने थापट्या देऊन कफ सुटा करणे, हे भौतिकोपचार करणाऱ्यांचे काम आहे आणि त्याला चिकाटी लागते. व्हेंटिलेटर विकत घेता येतो. तो रात्री तीन वाजता सांभाळणारी प्रशिक्षित परिचारिका घडवायला वर्षे लागतात.

यंत्र केव्हा थांबवावे?

कोपनहेगनच्या विद्यार्थ्यांचे हात यंत्राने घेतल्यावर एक नवाच प्रश्न उद्भवला. माणूस थकतो, यंत्र थकत नाही. मग ज्याच्या बरे होण्याची आशा उरली नाही, त्याला यंत्राने किती काळ श्वास द्यावा? हा प्रश्न ऑस्ट्रियातील इन्सब्रुकचे भूलतज्ज्ञ डॉ. ब्रूनो हाइड यांनी थेट परमगुरू पोप पायस बारावे यांच्यापुढे ठेवला. २४ नोव्हेंबर १९५७ रोजी पोपमहोदयांनी त्याचे उत्तर दिले. साध्या व्हेंटिलेटरचेही जगाला अप्रूप होते अशा काळी दिलेले ते उत्तर आजही मार्गदर्शक आहे.

त्याचा सारांश असा : जीवन व आरोग्य राखण्यासाठी सर्वसाधारण उपाय करणे हे माणसाचे कर्तव्य आहे. जे उपाय रुग्णावर किंवा इतरांवर असह्य भार टाकतात, असे असाधारण उपाय करण्याचे बंधन त्याच्यावर नाही. डॉक्टरचा अधिकार रुग्णाच्या संमतीतून येतो. रुग्ण बोलू शकत नसेल तर कुटुंबाने त्याची इच्छा काय असती याचा विचार करून बोलावे. अशा स्थितीत श्वासयंत्र थांबवणे म्हणजे त्याचा जीव घेणे नव्हे. मृत्यूचा नेमका क्षण कोणता, हे ठरवण्याचे काम मात्र त्यांनी वैद्यांकडे सोपवले. ते ख्रिस्तसभेच्या अधिकारात बसत नाही, असे स्पष्ट सांगितले. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही ९ मार्च २०१८ च्या निकालात, आणि ती पद्धत सुलभ करणाऱ्या जानेवारी २०२३ च्या आदेशात, आशा नसलेल्या रुग्णाचे कृत्रिम उपचार ठरावीक रीतीने थांबवण्यास मान्यता दिली.

आम्हां धर्मगुरूंना हा प्रश्न ग्रंथात नव्हे, अतिदक्षता विभागाच्या बाहेरील बाकावर भेटतो. 'फादर, यंत्र काढायला हो म्हटले तर आम्हाला पाप लागेल का?' असे विचारताना मुलांचा कंठ दाटून येतो. कित्येक कुटुंबे पाप लागेल या भीतीने जमीन गहाण टाकतात, आणि कित्येक कुटुंबे पैसे संपले म्हणून, बरा होऊ शकेल अशा रुग्णालाही घरी घेऊन येतात. पहिल्यांना आम्ही सांगतो, की आशा संपल्यावर यंत्र थांबवू दिले म्हणून तुम्ही बापाला सोडले असे होत नाही. त्याचा हात धरून, प्रार्थना करीत शेवटपर्यंत बसा. दुसऱ्यांच्या बाबतीत उत्तर देण्याची जबाबदारी त्या कुटुंबाची नाही, तुमची-आमची आहे. ज्याचा श्वास परत येण्याजोगा आहे, त्याचा श्वास पैशावाचून थांबू नये, एवढे तरी समाज म्हणून आपल्याला करता आले पाहिजे.

व्हेसालियसच्या बोरूपासून चोराखळीच्या टाकीपर्यंत साधने पालटत गेली. भात्यामागे लोहाराचा हात असावा तसा प्रत्येक साधनामागे कोणाचा तरी हात होता : खाणीजवळचा वैद्य, पाळीवरचा विद्यार्थी, अणदूरच्या परिसरातील भारतवैद्य, पालथे करणारी परिचारिका. श्वास देण्याची प्राथमिक कला काही दिवसांत शिकता येते. प्रत्येक धर्मग्रामातील दहा-वीस तरुण-तरुणींनी जवळच्या इस्पितळात जाऊन ती शिकून घ्यावी, आणि प्रत्येक घराने आपल्या वृद्धांशी, ते बोलते असतानाच, त्यांच्या शेवटच्या उपचारांविषयी मोकळेपणाने बोलून ठेवावे, अशी आमची वाचकांना नम्र विनंती आहे.